१९९१ च्या आधीच न्हावाशेवाला

आपल्याकडे जागतिकीकरण १९९१ ला आलं असं म्हणतात. सरकारी कागदावर आलं असेल. आमच्या उरणकडे ते १९८९ लाच, न्हावाशेवा बंदर सुरू झालं तेव्हा पोचलं. 

कुणी त्याची सुरुवात ईस्ट इंडिया कंपनीपासून, १६०० सालापासून धरतात, तेही ठीक, पण तो व्यापार मिरी-मसाल्याचा, उंची कापडाचा. प्लास्टिकची बादली समुद्रापार पाठवणं परवडायला लागलं ते कंटेनरमुळे, म्हणजे माल भरायच्या मोठ्या डब्यामुळे. १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्याने ५८ डबे जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेले. डबा न उघडता ट्रकवरून थेट जहाजावर, एवढीच युक्ती.

आमचे वडील मुंबईच्या गोदीत होते. हातात हूक, पाठीवर गोणी, एकेका जहाजाला कित्येक दिवस. आता इथे उरणला द्रोणागिरीच्या रस्त्यावर ट्रेलरमागे अडकलात की डब्याचे कोपरे बघा. लोखंडी ठोकळा, त्यात लांबट भोक. क्रेनची कुलपं त्यातच बसतात. शांघाय असो की रॉटरडॅम, भोक त्याच मापाचं. करार-बिरार नंतर, आधी हे माप जुळलं.