ग्रँट ग्रीनचा ‘अलाइव्ह!’ : ठेक्यापुढे शरणागती की ठेक्याची समज?
(चर्चा; प्रत्येक मजकुरावर बोलणाऱ्याचं टोपणनाव आहे)

काळी तबकडी
अमेरिकन जॅझ गिटारवादक ग्रँट ग्रीनचं नाव निघालं की बोलणं १९६३च्या ‘आयडल मोमेंट्स’ या तबकडीपाशी थांबतं. पुढचा, फंककडे (ठेक्यावर उभ्या असलेल्या नाचत्या संगीताकडे) वळलेला ग्रीन म्हणजे उतरती कळा, असं धरूनच चालतात. मला हे अजिबात मान्य नाही. १९७०चा ‘अलाइव्ह!’ (ब्लू नोट कंपनी, क्रमांक बीएसटी ८४३६०) त्याच्या सर्वोत्तम कामांपैकी आहे, आणि तो फंकमुळेच तसा झाला आहे.

ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १५ ऑगस्ट १९७०, शनिवार, न्यू जर्सी राज्यातल्या न्यूआर्क शहरातला क्लिशे लाउंज. टेनर सॅक्सोफोनवर क्लॉड बार्टी, व्हायब्रफोनवर (काड्यांनी वाजवायच्या धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) विली बिव्हन्स, ऑर्गनवर रॉनी फॉस्टर (‘टाइम टु रिमेम्बर’ला मात्र त्या चिजेचा रचनाकार नील क्रीक), काँगावर (हाताने वाजवायचा उभा ढोल) जोसेफ आर्मस्ट्राँग, ड्रम्सवर इद्रिस मुहम्मद. बासवादक नाहीच. तबकडीवर चारच चिजा: ‘लेट द म्युझिक टेक युअर माइंड’, ‘टाइम टु रिमेम्बर’, ‘सूकी सूकी’, ‘डाउन हिअर ऑन द ग्राउंड’.

पहिली चीज ‘कूल अँड द गँग’ या बँडची, म्हणजे शेजारच्या जर्सी सिटीतल्या पोरांची, तेव्हा अगदी ताजी. १९६७च्या दंगलीत या न्यूआर्कमध्ये २६ माणसं गेली होती. १९७०च्या जुलैत केनेथ गिब्सन शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी हे ध्वनिमुद्रण झालं. समोर बसलेल्या लोकांच्या कानात जे होतं तेच ग्रीनने वाजवायला घेतलं.

आपल्या कानांना हे संगीत परकं वाटायचं कारण नाही. एकल तबल्यामागे लेहरा, म्हणजे तीच तीच फिरणारी सुरावट, असतो, तो बदलत नाही म्हणून तबलजी मोकळा होतो. इथे ऑर्गन तेच काम करतो. एकाच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यावर) दहा-अकरा मिनिटं राहणं हा आळस नव्हे.

आरोह-अवरोह
लेहऱ्याची उपमा ऐकायला छान आहे, पण इथे लागू पडत नाही. लेहऱ्याला आवर्तन असतं, सम असते. तबलजी तिहाई बांधतो ती समेवर उतरण्यासाठी, आणि ऐकणाऱ्याचं लक्षही तिथेच लागलेलं असतं. इथे चार-चार बार (चार मात्रांचे गट) फिरत राहतात, पण पोहोचायचं ठिकाण कुठेच नाही. एकाचं वाजवून झालं की दुसरा सुरू करतो, एवढंच.

आणि ग्रीनला काय येत होतं ते विसरू नका. १९६४च्या ‘मॅटाडोर’मध्ये मॅकॉय टायनर आणि एल्विन जोन्स, म्हणजे सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची निम्मी चौकडी, बरोबर घेऊन हा माणूस ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ वाजवतो. ते काम कंपनीने तेव्हा बाहेरच काढलं नाही. ‘अलाइव्ह!’च्या वेळच्या एका चिजेचीही तीच गत. त्या मुक्कामी हर्बी हॅनकॉकची ‘मेडन व्हॉयेज’ही वाजली होती. मूळ तबकडीतून ती वगळली गेली आणि पुढे सीडीवर ‘हे, वेस्टर्न युनियन मॅन’ आणि ‘इट्स युअर थिंग’बरोबर जादा म्हणून आली. सुरावटीला जिथे खरा वाव होता तीच चीज बाजूला ठेवली. ही निवड विक्रीकडे बघून केलेली आहे. वाजवणाऱ्यांना दोष देत नाही, पण तबकडीला थोर म्हणू नका.

ड्रॉबार
‘ऑर्गन लेहरा धरतो’ म्हणणं सोपं आहे, त्यामागे कष्ट किती ते बघा. हॅमंड बी-३ या ऑर्गनला ६१-६१ पट्ट्यांचे दोन थर आणि खाली २५ पेडल. बासवादक नसल्यामुळे डावा हात खालच्या थरावर बास वाजवतो. त्यासाठी ड्रॉबार (आवाजाचा पोत ठरवणाऱ्या नऊ सरकपट्ट्या; एकेक आकडा म्हणजे एकेक पट्टी किती ओढली ते) साधारण ८०८०००००० किंवा ८३८०००००० असे ओढतात. डावा पाय पेडलला फक्त टिचकी मारतो, सुराला ठोका मिळण्यापुरती. उजव्या हाताला ८८८००००००, पर्कशन (सुराच्या सुरुवातीला उमटणारा टणक ठोका) तिसऱ्या हार्मोनिकवर, म्हणजे सुराच्या तिसऱ्या उपस्वरावर, मंद आणि झटकन विरणारं.

नवशिके इथे दोन चुका हमखास करतात. एक, पेडल दाबून धरतात. मग डाव्या हाताचा बास, पेडल, बास ड्रम आणि काँग्याचा खालचा आवाज एकमेकांवर चढतात आणि नुसता घों-घों उरतो. दुसरी, उजव्या हाताने सूर एकमेकांना चिकटवून वाजवतात. बी-३चं पर्कशन सगळ्या पट्ट्या सुटल्याशिवाय पुन्हा उमटत नाही, त्यामुळे पहिला सूर टणकन लागतो आणि पुढचे मुके होतात. पर्कशन चालू असताना नववा ड्रॉबारही बंद पडतो, हेही ध्यानात असू द्या.

हे सांभाळून अकरा मिनिटं एकच बास तसूभर न हलवता वाजवायचा. ‘मेडन व्हॉयेज’चे कॉर्ड वाजवण्यापेक्षा हे अवघड आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आरोह-अवरोह
अवघड आहे हे कबूल. अवघड म्हणजे श्रेष्ठ नव्हे. जुन्या तबकड्यांचे तुकडे (सॅम्पल) उचलून नवी गाणी करणाऱ्यांनीच याचा निकाल लावला आहे. ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या हिप-हॉप गटाने १९९१मध्ये ‘व्हाइब्ज अँड स्टफ’साठी ‘डाउन हिअर...’ वापरलं. १९९३मध्ये ‘अस-थ्री’ने ‘सूकी सूकी’वर ‘टक्का यूट्स रिडिम’ उभं केलं. मोजके बार कापून गोल फिरवले की अख्खं गाणं होतं, म्हणजे उरलेले बार निराळं काही सांगत नव्हते.

डावा हात
उलट आहे! ‘सूकी सूकी’ आणि तिचा तो कापलेला तुकडा एकामागोमाग लावा आणि फक्त स्नेअरकडे (ड्रम्समधल्या करकरीत आवाजाच्या ढोलाकडे) कान द्या. तुकड्यात घोस्ट नोट, म्हणजे मुख्य ठोक्यांच्या मधली ती दबकी टिपरी, दर वेळी जागच्या जागी येते. मूळ वादनात इद्रिस ती हलवत राहतो. कधी एक गाळतो, कधी बास ड्रम ठोक्याच्या किंचित आधी पडतो. सोलो तापत गेला की हायहॅट (पायाने उघडझाप करायची झांजांची जोडी) उघडू लागते.

इद्रिस न्यू ऑर्लिन्सचा, तिथल्या मिरवणुकांच्या ढोलांवर वाढलेला. त्याचे आठवे (अर्ध्या मात्रेचे ठोके) सरळही नाहीत आणि पूर्ण झुलतेही नाहीत, दोहोंच्या मधे कुठेतरी बसतात. त्याची नक्कल फसते ती इथेच. काही जण सगळं सरळ वाजवतात, मग ते मशीनसारखं होतं. काही शफल करतात, म्हणजे पूर्ण झुलतं वाजवतात, मग काँगा आणि ड्रम्स एकमेकांच्या पायात येतात. सरावाचा मार्ग असा: मेट्रोनोम फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवा, उजवा हात एकसारखा, आणि घोस्ट नोटसाठी काडी कातड्यापासून दोन-तीन सेंटिमीटरच्या वर उचलू नका. काडी जास्त उचलली की घोस्ट नोटचा ठोका होतो आणि बॅकबीट, म्हणजे दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा जोर, हरवतो.

समेचं म्हणाल तर पोहोचणं इथेही आहे. ते आवर्तनात नाही, दाबात आहे. ग्रीन एक छोटा तुकडा घोळवत राहतो, इद्रिस खालून रेटत जातो, आणि ग्रीनने तो तुकडा सोडला की सगळ्यांचाच श्वास सुटतो.

आरोह-अवरोह
‘दाब’ हा मुद्दा पटला. लेहऱ्यापेक्षा हा शब्द कितीतरी बरोबर आहे. तरी ‘टाइम टु रिमेम्बर’मध्ये तो दाब मला सापडत नाही. तिथे चाल सुंदर आहे, पण वादन पसरट होतं.

नवा श्रोता
ग्रीनचा तो जाड, कोरडा आवाज कसा काढायचा? आणि तबकडी घ्यावी की सीडी?

काळी तबकडी
गिटारवादक जॉर्ज बेन्सनने सांगितलेली ग्रीनची युक्ती प्रसिद्ध आहे: अँपवर बास आणि ट्रेबल शून्य, मिडरेंज पूर्ण. फेंडर पद्धतीच्या अँपवर असं केलं की आवाज एकदम पडतो, तेव्हा व्हॉल्यूम बराच वाढवावा लागेल. फेंडरच्या डीलक्स रिव्हर्ब अँपला मिडचं बटणच नाही, तिथे बाहेरून इक्वलायझर लावा. उरलेलं काम उजव्या हाताचं. प्रत्येक सूर वेगळा छेडायचा, कॉर्डला जवळजवळ हातच लावायचा नाही.

सीडी घ्या, ‘मेडन व्हॉयेज’साठी. इथे मी आरोह-अवरोह यांच्याच बाजूने आहे, ती चीज ऐकलीच पाहिजे. तबकडी घ्यायची तर शेवटच्या रिकाम्या पट्ट्यात ‘व्हॅन गेल्डर’ हा शिक्का बघा आणि दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐकूनच पैसे द्या. ‘डाउन हिअर...’ अगदी आतल्या चरांवर आहे. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर चर जाते, आत जेमतेम २१. झिजलेल्या प्रतीत तिथे व्हायब्रफोन चरचरतो, आणि ती चीज तर व्हायब्रफोनवरच उभी आहे. प्रत चांगली असूनही चरचर येत असेल तर कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) स्टीव्हनसन पद्धतीने, म्हणजे आतल्या चरांना झुकतं माप देणाऱ्या मोजणीने, बसवून बघा. त्यात आतला शून्यबिंदू, म्हणजे सुई चरेला अचूक सरळ बसते ती जागा, केंद्रापासून ६६ऐवजी ६०.३ मिलिमीटरवर येतो. बाजूच्या मध्यावर चूक किंचित वाढते, पण शेवटची चीज स्वच्छ वाजते.