लाईट गेली की रॅममधल्या डेटाचं काय?

‘रॅममधला डेटाबेस म्हणजे लाईट गेली की सगळं साफ, त्यामुळे ओरॅकलवाल्यांनी घाबरायचं कारण नाही’ असं काही जण म्हणतात (ओरॅकल म्हणजे मुख्यतः डिस्कवर डेटा ठेवणारा डेटाबेस), ते अर्धंच खरं आहे. एसएपी हाना हा रॅममधला डेटाबेस कमिट होताना (व्यवहार पक्का होताना) रीडू लॉग, म्हणजे बदलांची नोंद, डिस्कवर लिहितोच, शिवाय डीफॉल्टने दर 5 मिनिटांनी सेव्हपॉइंट, म्हणजे रॅममधले बदल डिस्कवर उतरवणं. आणि घाबरायचं कारण नव्हतं तर ओरॅकलने 2014 साली स्वतःचा इन-मेमरी (रॅममधला) पर्याय कशाला काढला? मायक्रोसॉफ्टनेही त्याच वर्षी एसक्यूएल सर्व्हरमध्ये मेमरीतली टेबलं आणली.

बाकी लाईटचं दुखणं आम्हा रत्नागिरीकरांना कोण शिकवणार! मिरकरवाड्यात एका मासळी व्यापाऱ्याकडे मी काट्यावरची वजनं थेट रेडिस या रॅममधल्या डेटाबेसमध्ये टाकत होतो. मे महिन्यात वळवाची पहिली सर आली, लाईट गेली, यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली. परत सुरू केलं तर बांगड्याचे 37 क्रेट गायब. चूक रेडिसची नव्हे, माझी. एओएफ (प्रत्येक बदल डिस्कवरच्या फाइलीत नोंदवणं) बंद, नुसत्या स्नॅपशॉटवर (अधूनमधून डिस्कवर घेतलेल्या पूर्ण प्रतीवर) भिस्त. आणि नव्या आवृत्त्यांत डीफॉल्ट असं, की मागच्या स्नॅपशॉटनंतर 100 बदल साचले नाहीत तर पुढचा स्नॅपशॉट तासाभरानेही पडू शकतो. काट्यावर क्रेट चढणार मिनिटाला दोन-तीन! शेवटी तांडेलाने (नावेच्या प्रमुखाने) खिशातली भिजकी वही काढली, तिच्यावरून हिशेब जुळवला (शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच). आता एओएफ ‘एव्हरीसेक’वर (दर सेकंदाला डिस्कवर) आहे, गेलं तर साधारण सेकंदाभराचं जाईल. पैशांचा हिशेब मात्र डिस्कवर लिहिणाऱ्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्येच ठेवलाय, तिथे एवढी घाई कुणालाच नसते.