स्थानकाजवळची विटांची पाण्याची टाकी

वऱ्हाडी वाटसरू: विदर्भातील शकुंतला या अरुंद रुळांच्या रेल्वेच्या मार्गावरील आमच्या गावी विटांच्या बुरुजावर जुनी पाण्याची टाकी उभी असून, तिच्या खुणेने आजही पत्ता सांगितला जातो; तो बुरूज सिमेंटने लिंपण्याचे घाटत आहे. हे योग्य ठरेल का?

जुना गवंडी: मुळीच नाही. बांधकाम चुन्यातले असल्यास सिमेंटच्या थरामागे ओलावा अडकतो, क्षार साचतात आणि विटांचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून विटांमधल्या फटी चुन्यानेच भराव्यात. आधी बुंध्याशी उगवलेला पिंपळ मुळासकट काढावा.

रूळप्रेमी: या मार्गावर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन धावले. टाकी उंचावर असल्याने पाणी स्वतःच्या दाबानेच इंजिनात उतरे. डिझेल आले आणि टाकी पारव्यांची झाली!

वऱ्हाडी वाटसरू: आभारी आहे. ग्रामसभेत चुन्याचाच आग्रह धरीन.