अनुभव धागा: सोलरवरच्या अ‍ॅक्वापोनिक्सला कोणता टायमर लावलात?

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी पंपाने झाडांच्या वाफ्यात चढवून परत टाकीत सोडायचं; पंप कधी चालू, कधी बंद हे टायमर ठरवतो. पुण्यात आमच्या गच्चीवर पाचशे लिटरची टाकी आहे. तिच्यात कोय आणि थोडे रोहू, वर खडीचे दोन वाफे, त्यात पालक आणि पुदिना. पंप २० वॉटचा. तीन वर्षांत तीन टायमर झाले, म्हणून हा धागा काढते आहे. कोणता टायमर घेतला, किती मिनिटं चालू-बंद ठेवता आणि तो कुठे फसला, सगळं मोकळेपणाने लिहा. नव्याने मांडणाऱ्यांचे मासे त्याने वाचतील.

माझा पहिला टायमर पिनांचा. ९६ पिना, एकेक १५ मिनिटांची. एक दाबायची, तीन सोडायच्या, की दर तासाला पंधरा मिनिटं पाणी वर. इतकं सोपं दुसरं काही नाही. पण तो २३० व्होल्टचा, त्यामुळे मध्ये इन्व्हर्टर आला. पंप दिवसाला १२० वॉटतास वीज घ्यायचा आणि इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठी २४०! हे मला मोजल्यावर कळलं, तोवर एक बॅटरी गेली होती.

मग १२ व्होल्टचा डिजिटल घेतला. त्यात दिवसाला १६च वेळा बसतात, मला तर २४ हव्या होत्या. शेवटी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा दर तासाला आणि रात्री तीन तासांनी एकदा, असे बरोबर १६ बसवले. झाडांचं काही बिघडलं नाही, आणि बॅटरी सकाळी भरलेली दिसायला लागली. आता सायक्लिक आहे, म्हणजे ठरावीक मिनिटं चालू, ठरावीक मिनिटं बंद, असं फिरत राहणारा. त्याबद्दल शेवटी लिहीन.

रत्नागिरीहून

ताई, आमच्याकडे टायमरचा शत्रू मुंग्या. पावसाळ्यात पंप बंदच होईना. डबी उघडली तर रिलेच्या (पंप चालू-बंद करणारा टायमरमधला खटका) आत काळ्या मुंग्या चिरडून बसलेल्या, मध्ये अंडीसुद्धा. आता सीलबंद रिलेचा टायमर घेतला, आणि वायरी डबीच्या खालून आत घेतो, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणीही बाहेरच टपकतं.

नागपूरहून

माझा अनुभव लिहायला जड जातंय, पण लिहितो. गेल्या मे महिन्यात एका पहाटे अकरा मासे गेले. टायमर ठणठणीत होता. मी पंप आणि एअर पंप दोन्ही त्याच एका टायमरवर घेतले होते, वीज वाचावी म्हणून. पंधरा मिनिटं हवा, पंचेचाळीस मिनिटं काही नाही. हिवाळ्यात चाललं. मेमध्ये पाणी कोमट, आणि कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. रात्रभर मासे आणि खडीतले जिवाणू दोघंही तो वापरत राहतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. त्यात त्या रात्री बॅटरी उतरली आणि चार्ज कंट्रोलरने (सोलर आणि बॅटरीमधली वीज सांभाळणारी पेटी) सगळंच तोडलं. साडेपाचला वर गेलो तेव्हा उरलेले मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमिट करत होते. मी बादलीने पाणी उंचावरून ओतत राहिलो, ऊन येईपर्यंत.

आता पाच वॉटचा एअर पंप कुठल्याच टायमरवर नाही. तो चोवीस तास चालतो, त्याची बॅटरी वेगळी. टायमर फक्त पाण्याला. शिवाय कंट्रोलरचं लोडचं, म्हणजे जोडलेल्या पंपांना वीज कधी द्यायची याचं, सेटिंग एकदा तपासा. माझ्याकडे ते रस्त्यावरच्या दिव्यासारखं, अंधार पडल्यावर चालू होणारं लागून आलं होतं.

फोंड्याहून

आम्ही टायमर लावलाच नाही. बेल सायफन (वाफा भरला की पाणी एकदम खाली ओढून घेणारी नळी) बसवला, पंप सतत चालू, वाफा आपोआप भरतो आणि रिता होतो. पंप लहान घेतला तर सायफन ओढत नाही, मोठा घेतला तर बॅटरी मोठी लागते. घरी वीज असल्याने रात्री आम्ही पंप विजेवर घेतो. निव्वळ सोलर असेल तर टायमरच बरा.

सांगलीहून

माझं दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे असे टायमर बरेच हाताखालून जातात. दोन गोष्टी सांगतो.

पंप सुरू होताच टायमरचा दिवा विझतो, परत लागतो, रिले टक टक टक करत राहतो, अशी तक्रार घेऊन लोक येतात. टायमर बहुधा चांगला असतो. बॅटरीपासून लांबवर बारीक वायर ओढलेली असते. पंप सुरू होताना जास्त करंट ओढतो, तेवढ्यात व्होल्टेज पडतं आणि टायमर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. वायर जाड करा, आणि टायमरची वीज थेट बॅटरीवरून वेगळी घ्या.

दुसरं, रिलेवर १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं. तो आकडा डीसीला धरू नका. एसीची ठिणगी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते आणि विझते, डीसीची तशी विझत नाही. हळूहळू रिलेतली एकमेकांना टेकणारी धातूची टोकं चिकटतात आणि पंप चालूच राहतो. डीसीचं रेटिंग बघा, पंप ओढतो त्याच्या दुप्पट तरी असू द्या. ब्रशच्या मोटरीला टोकांवर उलटा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) लावा, दोन-चार रुपयांचा येतो.

धागाकर्ती, पुणे

सायक्लिकचं राहिलं होतं. घेताना दुकानातच तारा काढून पुन्हा जोडायला सांगितलं. एक टायमर वीज परतली की ‘बंद’पासून मोजायचा आणि मिनिटं विसरायचा, दुसरा ‘चालू’पासून सुरू व्हायचा आणि मिनिटं लक्षात ठेवायचा. दुसरा घेतला. दर पंधरा दिवसांनी मी बॅटरीची तार काढून तो तसाच उठतो ना, ते बघते.

आणि नागपूरच्या दादा, तुमचं वाचून आज सकाळीच एअर पंप टायमरवरून काढला. माझाही त्याच तारेवर होता.