मदत हवी आहे: माळकरी बाबांना घेऊन मोझेलच्या खोऱ्यात वाइन टूर

नमस्कार मंडळी,

मी फ्रँकफुर्टजवळ राहते. सप्टेंबरात आई-बाबा पहिल्यांदाच इकडे येताहेत. मोझेल नदीकाठची वाइन टूर नवऱ्याच्या डोक्यात कधीची बसलीय, तर ती या निमित्ताने करून टाकू म्हणतोय. पंचाईत अशी की बाबा माळकरी. थेंबभरही घेणार नाहीत. पण निफाड तालुक्यात आमची चार एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे आणि त्यांची चाळीस वर्षं बागेतच गेलीत. टूरचं कानावर घातलं तर म्हणाले, "तुम्ही काय प्यायचं ते प्या, मी बाग बघतो." आई मात्र मला हळूच म्हणाली, "एक घोट चाखून बघेन गं, लोक एवढं काय त्याचं करतात ते तरी कळू दे." (हे बाबांना अजून माहीत नाही.)

खरी अडचण तारखांची आहे. गोडी छाटणी (फळ धरण्यासाठी करतात ती) सप्टेंबरअखेर सुरू करायची म्हणून बाबांनी परतीचं तिकीट २६ तारखेचंच काढायला लावलं. भाऊ पुण्यात नोकरीला, त्याच्या हातात कात्री द्यायला ते तयार नाहीत. मग त्याआधी मोझेलला तोडणी बघायला मिळेल का? तीन रात्री हाताशी आहेत. मुक्काम कोखेमला करावा की बेर्नकास्टेलला? गाडी न्यावी की रेल्वेने जावं? आईचे गुडघे दुखतात आणि फोटोत तर सगळीकडे पायऱ्याच दिसताहेत. शिवाय दोघेही शाकाहारी.

कोब्लेन्झकर:

ताई, आधी गाडीचा विचार सोडा. जर्मनीत गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात दारूची मर्यादा ०.५ प्रति हजार आहे. तुमच्याकडचा गाडी चालवणारा दिवसभर नुसता वास घेत बसेल, आणि मोझेलला येऊन वास घेत बसण्यासारखं दुःख नाही. माइन्झपासून पुढे ऱ्हाइनलांड-फाल्झ या राज्याचं रेल्वे तिकीट चालतं. एका दिवसाचं असतं, पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं, सोमवार ते शुक्रवार फक्त सकाळी ९ नंतरच चालतं. कोब्लेन्झहून ट्रिअरच्या गाडीत डाव्या खिडकीशी बसा, नदी त्या बाजूला राहते. कोखेम सुटलं की चार किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. नदी तिथे एवढं मोठं वळण घेते की १८७० च्या दशकातल्या इंजिनिअरांनी तिच्या मागे जायचा नाद सोडून डोंगरच पोखरला. बोगद्यातून बाहेर आलात की तीच नदी पुन्हा समोर.

मुक्काम ना कोखेमला, ना बेर्नकास्टेलला. दोन्ही गावं देखणी आहेत, पण दुपारी पर्यटकांच्या बसगाड्या रिकाम्या झाल्या की बाजारचौकात आषाढीच्या आदल्या दिवशीचं पंढरपूर होतं. मी असतो तर ट्राबेन-ट्रारबाखला राहिलो असतो. बुलाय स्टेशनवर गाडी बदलायची, तिथून छोटी शाखा थेट गावात जाते. वाटेतला पूल दुमजली आहे, वरून रेल्वे आणि खालून रस्ता. ट्राबेन एके काळी वाइनच्या व्यापाराची मोठी पेठ होती, गावाखाली अजून तळघरांचं जाळं आहे. तिथून बेर्नकास्टेलला बोटीने जा. वाटेत त्सेल्टिंगेनला जलपाश लागतो. बोट आत शिरते, दार बंद होतं आणि पाणी भरत भरत बोट वर उचलली जाते. लहान मुलांइतकेच आजी-आजोबा यात रमतात. आईंच्या गुडघ्यांनाही हेच बरं, बसल्या बसल्या अर्धं खोरं बघून होतं.

एक गोष्ट टाळा. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी बेर्नकास्टेलला मोठा वाइन महोत्सव असतो. फटाके छान असतात, पण खोली मिळत नाही.

खवय्या_परदेशी:

क्र्योव नावाच्या गावच्या एका मळ्याचं नाव आहे 'नाक्टआर्श', म्हणजे उघडं ढुंगण. बाटलीवर त्याचं चित्रही असतं. आईंना सांगू नका, बाबांना जरूर दाखवा.

खाण्याचं म्हणाल तर कार्टोफेलपुफर मागवा, किसलेल्या बटाट्याचं थालीपीठच म्हणा ना, सोबत सफरचंदाचा गर. फ्लामकुखेन (पातळ पिझ्झासारखा प्रकार) मागवताना "ओने श्पेक" म्हणायला विसरू नका, नाहीतर वर डुकराचे तुकडे येतात. कांद्याच्या केकचंही तेच. सप्टेंबरात फेडरवाइसर मिळते, म्हणजे अर्धवट आंबलेला रस, ढगाळ आणि गोड. तिची बाटली पक्की बंद करत नाहीत, आतला वायू निघून जायला हवा म्हणून. आमच्या ग्रुपमधल्या एकाने ती पिशवीत आडवी ठेवली आणि ट्रिअरपर्यंत आख्ख्या डब्याला वास. उभीच न्या.

द्राक्षवेल:

ताई, मी दिंडोरीचा. गायझेनहाइमला द्राक्षशेती शिकत असताना दोन हंगाम मोझेलवर तोडणीला आणि एकदा छाटणीला गेलो होतो. त्यामुळे तुमच्या बाबांना काय दाखवायचं ते मला पक्कं ठाऊक आहे.

आधी तोडणीचं. मोझेलचं मुख्य वाण रीसलिंग, ते उशिरा पिकतं. त्याची खरी तोडणी सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन ऑक्टोबरभर चालते, म्हणजे नेमकी आपल्या छाटणीच्या वेळेला. पण म्युलर-थुर्गाऊसारखी लवकर येणारी वाणं सप्टेंबरच्या मध्यात निघतात. १८ ते २२ च्या दरम्यान गेलात तर कुठे ना कुठे क्रेट भरताना दिसतीलच. रीसलिंगच्या मण्यांत तेव्हा पाणी उतरलेलं असतं, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरू लागलेली असते, बाबांनी एक मणी तोंडात टाकला की तोडणीला किती दिवस आहेत ते ते स्वतःच सांगतील. इथे गोडी ब्रिक्समध्ये मोजत नाहीत, अक्स्लेमध्ये मोजतात. आपले २० ब्रिक्स म्हणजे यांचे साधारण ८३.

बाबांना पहिला धक्का बसेल तो मांडव नसल्याचा. इंग्रजी वाय अक्षरासारखा आधारही नाही, तारही नाही. जुन्या उताराच्या बागांत प्रत्येक वेलीला स्वतंत्र खांब, आणि दोन काड्या वाकवून खांबाला अशा बांधतात की बदामाचा आकार होतो. ब्रेमजवळचा काल्मोंटचा उतार ६५ अंशांपर्यंत जातो, युरोपातल्या सर्वांत उभ्या बागांत त्याची गणना होते. तिथे ट्रॅक्टर जात नाही. माणूस आणि क्रेट एका रुळावरून सरकणाऱ्या दातेरी छोट्या गाडीने वर जातात. त्या गाडीच्या पाळण्यात मी पहिल्यांदा बसलो तेव्हा आई आठवली. काल्मोंटवर चढायचं नाव काढू नका, तिथल्या वाटेला शिड्या आणि दोर आहेत. ब्रेम गावातून खालून बघा, तेवढं पुष्कळ.

जमीन म्हणजे नुसता पाटीचा दगड. माती शोधावी लागते. पण हाच काळा दगड दिवसभर तापतो आणि रात्री वेलीला ऊब देतो, म्हणून ५० अक्षांशावर द्राक्ष पिकतं. नदीच्या ज्या काठाला दक्षिणेचं ऊन मिळतं तिथे बाग, समोरच्या काठाला जंगल. आणि आपण एका पिकासाठी दोन छाटण्या करतो कारण आपली वेल झोपतच नाही. इथे ती हिवाळाभर झोपते, त्या झोपेतच एकदा छाटली की झालं. बाबा यावर तासभर बोलतील. काही ठिकाणी अजून खुंटाशिवायच्या, स्वतःच्या मुळांवरच्या वेली आहेत. डॉगरिज खुंटावर कलमं करून बाग उभी केलेल्या माणसाला त्या दाखवाच.

म्हणून माझा सल्ला, हॉटेल घेऊच नका. ज्या शेतकऱ्याकडे भाड्याच्या खोल्या आहेत अशाकडे उतरा, ट्राबेनच्या आसपास असे बरेच आहेत. आरक्षण करतानाच कळवा की वडील भारतातले द्राक्षबागायतदार आहेत, वाइन पीत नाहीत, बाग बघायची आहे. तो माणूस तुमच्या नवऱ्याला विसरेल आणि बाबांना घेऊन वर जाईल. बाबांना घरचा द्राक्षरस मिळेल. संध्याकाळी श्ट्राउसविर्टशाफ्टमध्ये बसा. शेतकऱ्याने स्वतःच्या अंगणात चालवलेली ही खानावळ वर्षात चारच महिने उघडी ठेवता येते आणि ४० च्या वर खुर्च्या टाकता येत नाहीत. दाराला फांद्यांचा गुच्छ टांगलेला दिसला की समजायचं, आज चालू आहे.

थोडे शब्द लिहून ठेवा, भाषांतर तुम्हालाच करावं लागणार: छाटणी म्हणजे रेबश्निट, खुंट म्हणजे उंटरलागे, वेलीवरचा भुरी रोग म्हणजे एख्टर मेल्टाऊ. केवडा या दुसऱ्या रोगाला हे लोक फाल्शर मेल्टाऊ म्हणतात, म्हणजे खोटी भुरी. हे ऐकून आमचे काका खूप हसले होते, म्हणे नुकसान तर खरंच करते की!

आईंना पहिला घोट 'फाइनहेर्ब' (किंचित गोडसर) लिहिलेल्या बाटलीतला द्या. 'ट्रोकन' लिहिलेली कोरडी असते, चिंचेचं पाणी प्यायल्यासारखं तोंड होईल.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार! १८ ते २१, ट्राबेनजवळ एका शेतकऱ्याकडे दोन खोल्या ठरल्या. द्राक्षवेल, तुम्ही सांगितलं तसंच मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये लिहून पाठवलं होतं. त्यांनी खोल्यांच्या भाड्याविषयी एक ओळ लिहिली आणि पुढे पानभर प्रश्न विचारलेत: तुमच्याकडे वर्षाला किती पाऊस पडतो, एकरी किती वेली, मांडवाला तार कुठली, पावसाळ्यात केवड्याचं काय करता.

मी ते बाबांना फोनवर वाचून दाखवले. उत्तरं त्यांनी वहीत लिहायला घेतलीत, आईला छापील सातबारा शोधायला लावलाय. तो कशाला हवाय ते कोणालाच कळलेलं नाही. आईचा घोट अजून गुपितच आहे.

जाता जाता एक. त्या शेतकऱ्यांनी लिहिलंय की उभ्या उतारावर फवारणी हेलिकॉप्टरने करतात. तेव्हापासून बाबांचा रोज सकाळी एकच फोन: "त्याचा एकरी खर्च किती पडतो, ते विचारलंस का?"

द्राक्षवेल, काही कल्पना?