वरचे-खालचे (घरचा ग्रुप), शनिवारची वायफाय चर्चा

काकू (खाली): आज तिसरा दिवस आहे वायफाय बंद पडून. पोरीची नीटची टेस्ट सिरीज चालू आहे, काल रात्री मोबाईलच्या नेटवर पेपर दिला अन् शेवटच्या 20 प्रश्नाला नुसतं गोल गोल फिरत बसलं, रडली लेकरू. कोणाला काही पडलेलीच नाही मनून ग्रुपवर टाकायलेय. राग आला तर येऊ द्या.

दादा (वर): काकू वर पण बंदच आहे. मी तीन दिवस हॉटस्पॉटवर मीटिंग करायलोय. डब्यावर लाल लाईट लुकलुकतोय म्हणजे बाहेरून येणारी वायरच तुटली आहे.

काकू: बरं. पण चालू असतं तेव्हा बी खाली कुठं येतं रे. हॉलमध्ये दोन दांड्या, स्वयंपाकघरात एक, पोरीच्या खोलीत काहीच नाही. पैसे मात्र निम्मे.

दादा: निम्मे शेवटचे कधी आले ते बघू का काकू? श्रावणात.

बबन काका: दिवाळीत दिले ना बाबा.

दादा: ते टाकी धुतली त्याचे होते काका.

दाजी (उदगीर): 🙏🙏 शुभ सकाळ. वायफायच्या वायरवाल्याशी बोलणं झालं माझं, नालीच्या कामात जेसीबीनं वायर तोडली, आज संध्याकाळपर्यंत चालू करतो मनला.

दादा: दाजी हे तुम्ही गुरुवारी सकाळी पण टाकलं होतं.

वहिनी: गुरुवारची संध्याकाळ अजून व्हायची आहे 😄

दाजी: ओळखीचा आहे मनून घ्या मनलं होतं, मी काय कमिशन खाल्लं नाही त्यात.

आत्या (नांदेड): तुम्हाला कोणी काही मनलं का जावईबापू, अंगावर कामून घ्यायलात.

नाना: भिंतीला भोक पाडायचं नाही.

दादा: नाना भोकाचं कोणी बोललंच नाही अजून.

नाना: बोलाल मनून आधीच सांगितलं.

बबन काका: मी काय मनतो, आपापलं वेगळं घ्या. ते हवेतून येतं ते घेतो मी, गच्चीवर डबा बसवतात बस. वायर नाही भोक नाही कटकट नाही.

काकू: वेगळंच घेऊ. चूल वेगळी झालीच आहे, वायफाय कशाला एकत्र.

आत्या: अगं बाई. सकाळी सकाळी.

पिंट्या (संभाजीनगर): मी लिहू का जरा. हवेतलं म्हणजे 5जी वालं, ते गच्चीवरच्या डब्यात टॉवरवरून येतं पण काका त्या डब्यापासून घरात वायर आणावीच लागते, त्याला लाईट पण त्याच वायरनं जाते. म्हणजे भोक किंवा खिडकी काहीतरी लागणारच. अन् समोर लिंबाचं झाड आहे, टॉवर कुठल्या बाजूला आहे ते न बघता घेतलं तर पैसे गेले. पैशाचं बघा, 30 स्पीडचा 599 वाला घेतला तरी 18 टक्के जीएसटी धरून 707 होतात. वर एक खाली एक म्हणजे महिन्याला 1414. त्यापेक्षा एकच 100 वाला फायबरचा 699, जीएसटी धरून 825, निम्मे केले तर 412 येतात.

दाजी: पोरगं हुशार निघालं, आमच्याच पैशानं शिकलं 😂

आत्या: जावईबापू.

काकू: 100 पुरतंय का दोन्ही घराला? इथं एकाला पुरेना.

पिंट्या: पुरतंय काकू. साधा चांगला व्हिडिओ 5 मध्ये चालतो, दादाची मीटिंग 3-4, टीव्हीवर फोरके लावलं तर 15 धरा. सगळ्यांनी एकदम लावलं तरी 40 च्या वर जाणार नाही. तुम्ही मोबाईलवर डाउनलोड बघता अन् 12 दिसतंय मनता ना, ते एमबी असतं, त्याला 8 नं गुणलं की 96, म्हणजे जवळपास 100 च होतात. कंपनी बिट सांगते अन् मोबाईल बाइट दाखवतो. तुमचा प्रॉब्लेम स्पीडचा नाहीच, स्लॅबचा आहे.

नाना: स्लॅबला नाव ठेवायचं नाही.

पिंट्या: नाना नाव नाही ठेवायलो, स्लॅबमधल्या सळईतून वायफाय पार होत नाही नीट एवढंच मनायलो.

नाना: सळई मी मुद्दाम दाबून घातली. 93 ला 30 सप्टेंबरला पहाटे 3 वाजून 56 मिनिटाला जमीन हालली तेव्हा तुमचा जन्म नव्हता. दुसऱ्या दिवशी मी किल्लारीला गेल्तो. माळवदाची माती अन् भिंतीचे दगड, त्याच्याखाली माणसं. दीड महिना आपण सगळे अंगणात झोपलो, बबनला विचारा. नंतर हे घर बांधलं तेव्हा मिस्त्री मनला नाना एवढं लोखंड कशाला, मनलं तू बांध. त्या स्लॅबखाली तुम्ही निवांत झोपायलात.

बबन काका: खरं आहे. मी सळया उचलल्या आहेत.

वहिनी: 🙏 नाना.

पिंट्या: नाना एकदम बरोबर केलं तुम्ही. मनूनच मनतो वायफाय स्लॅबमधून खाली ढकलायच्या नादी लागू नका. दोन प्रकारचं येतं, 5 गिगाहर्ट्झचं फास्ट असतं पण भिंतीला लवकर हार खातं, 2.4 चं जरा हळू पण लांब जातं. खाली जे एक-दोन दांड्या येतात ते 2.4 चंच. वरच्या डब्यातून एक लॅनची वायर खाली आणायची अन् खाली दुसरा राऊटर लावायचा. ही वायर 100 मीटरपर्यंत चालते, आपल्याला 15 पण लागणार नाही. दादाचा जुना राऊटर माळ्यावर आहे, त्यातलं डीएचसीपी (मोबाईलला आयपी नंबर वाटायची सेटिंग) बंद करायचं अन् वायर पिवळ्या भोकात लावायची, निळ्या नाही.

नाना: भोक पाडायचं नाही.

दादा: 😂😂😂 नाना राऊटरचं भोक.

दाजी: आज हसून हसून मेलो.

काकू: हसा. पोरीचा पेपर उद्या परत आहे.

दादा: काकू माझं एक आहे, स्पष्टच बोलतो. मागच्या महिन्यात मी ॲपमध्ये बघितलं, 17 मोबाईल जोडलेले होते. आपण दोन्ही घरं मिळून टीव्ही धरून 9. बाकीचे 8 कोणाचे?

काकू: कोणाचे असणार. मेसची पोरं. जेवताना घरी व्हिडिओ कॉल लावतात, कोणाची आई परभणीची कोणाची हिंगोलीची, लेकरं जेवायलेत का बघतात माय. नाही कसं मनायचं.

दादा: पण काकू पासवर्ड द्यायच्या आधी विचारायचं तरी. कनेक्शन माझ्या नावावर, आधार माझं. उद्या त्यातल्या एखाद्यानं काही उद्योग केला तर पोलीस माझं दार वाजवतील.

काकू: माझी मेसची पोरं उद्योग करणारी नाहीत. सकाळी 6 ला क्लासला जातात रात्री 10 ला येतात.

दादा: तेच, रात्री 10 नंतर माझी अमेरिकेची मीटिंग असते.

काकू: अन् तुझ्या पार्टीला 40 पोळ्या लागल्या तेव्हा मेसच आठवली ना.

वहिनी: काकू ते वेगळं हो.

काकू: सगळं वेगळंच आहे या घरात.

आत्या: ऐका. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं लातूरला तेव्हा याच घरात एका टँकरचं पाणी दोन मजल्यांनी मापानं वाटून घेतलं, मी तेव्हा महिनाभर राहायला होते तिथं. कोणी कोणाच्या हंड्यात डोकावलं नाही. आता वायफायला भांडायलात.

दाजी: पाणी दिसतं आत्या, वायफाय दिसत नाही मनून भांडण 😄

बबन काका: येळवशीला (वेळा अमावस्येला) शेतात कोण कोण येणार आहे ते सांगा आधी. भज्जीला किती शेंगा-वाटाणा घ्यायचा कळत नाही.

आत्या: आम्ही चौघं. आंबील मागच्या वर्षीसारखी आंबट ढाण करू नका.

दाजी: आम्ही पाच. बाजरीचे उंडे जास्त करा वहिनी.

वहिनी: उंडे काकूच करतात दरवर्षी, माझं नाव कशाला.

काकू: करते. मला काय काम आहे दुसरं.

नाना: भोक पाडायचं नाही.

पिंट्या: परत मुद्द्यावर येतो. मेसच्या पोरांसाठी राऊटरमध्येच गेस्ट नावानं वेगळं वायफाय काढता येतं, त्याचा पासवर्ड वेगळा. स्पीडला लगाम घालता येतो अन् रात्री 10 ला बंद पण होतं, हे दोन्ही बऱ्याच राऊटरमध्ये आहे, जुन्यात बघावं लागेल. सहा महिन्याचे पैसे आधीच भरलेले आहेत त्यातले दोन महिने राहिलेत, तोपर्यंत हेच चालवा, मग बदला.

दाजी: बदलायची काय गरज, वायर जोडली की झालं.

वहिनी: मी काल गल्लीत विचारून आले. पिठाच्या गिरणीवाल्यांचं दुसऱ्या कंपनीचं फायबर आहे, त्यांची पण याच नालीत तुटली, दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस येऊन जोडून गेला. आपल्या ओळखीचा तिसऱ्या दिवशी संध्याकाळच सांगतोय. कोणाचं फास्ट ते विचारूच नये, तुटल्यावर कोण येतं ते विचारावं.

दादा: हे पटलं.

दाजी: 👍 (पुढं काही बोलत नाही मी)

बबन काका: अन् लाईट गेल्यावर? वरच्यांना इन्व्हर्टर आहे, आमचा राऊटर बसला ना अंधारात.

पिंट्या: राऊटरचा छोटा यूपीएस मिळतो काका, 12 व्होल्टचा. पण अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघूनच घ्या, काही राऊटर 9 चे असतात, जळेल. अन् वायर बाहेरच्या भिंतीनं लोंबकळत सोडू नका. फायबर काचेची असते तिच्यातून वीज येत नाही, लॅनची तांब्याची आहे. मिरगाच्या विजांत बाहेरची तांब्याची वायर म्हणजे आमंत्रणच. आतून, जिन्यातून आणा.

नाना: जिन्यातून म्हणजे भोक.

आत्या: नाना एक मिनिट. जिन्याच्या वळणावर, वरच्या पायरीशेजारी बोटभर भोक आहे. ॲन्टेनाची वायर तुम्ही स्वतः तिथून खाली नेली होती. स्लॅब टाकल्यावर महिनाभरात छिन्नी घेऊन बसला होता, आईनं किती बोलली होती तुम्हाला.

दादा: 😳

वहिनी: आहे खरंच. आता बघून आले. कॅलेंडरच्या मागं, कागदाचा बोळा घालून ठेवलाय. फोटो टाकते.

बबन काका: त्यातला बोळा मी घातलाय, पाली यायच्या.

दाजी: नाना?? 😂

दादा: नाना ऑनलाईन दिसतायत, लिहायलेत अन् पुसायलेत.

काकू: आता नानांना कोणी छळू नका. पैशाचं सांगा. 825 चे निम्मे किती मनला रे पिंट्या?

पिंट्या: 412 अन् वर 50 पैसे.

काकू: 412 दर 5 तारखेला टाकत जाईन. मेसचं गेस्ट का काय ते चालू कर, त्याचे वेगळे 100 देते. पण बोअरच्या मोटारीचं लाईट बिल खालच्या मीटरवर येतंय चार महिने झाले, वरची टाकी बी त्याच्यावरच भरते. ते बी निम्मं धर मग.

दादा: ...ते माझ्या लक्षातच नाही आलं काकू.

काकू: माझ्या होतं.

दादा: बिलाचे फोटो टाका. श्रावणापासूनचे तुमचे माझे वळते करून सांगतो, बहुतेक मीच देणं निघेन.

बबन काका: 50 पैसे मी देतो 😂

वहिनी: काकू उद्याच्या पेपरला तिला वर पाठवा. नेट नाहीच पण माझ्या मोबाईलला गच्चीच्या खोलीत 5जी चांगलं येतं, तीन तास मोबाईल तिच्याकडंच राहू दे. दार लावून घेते, कोणी येणार नाही.

काकू: 9 ला पाठवते. डबे झाले की मी बी येते.

दाजी: वायरवाला मनतो उद्या सकाळी नक्की.

वहिनी: कुठल्या उद्या ते विचारा दाजी.

नाना: रविवारी माणूस आला तर मला उठवा. भोक तिरपं आहे, सरळ वायर घातली तर अडकते. मी दाखवतो.