पालघर: बुटकेपणातली विषमता तालुकानिहाय मोजता येईल का?

गोदाकाठ: पालघरमधल्या पाच वर्षांखालच्या मुलांचा बुटकेपणा (वयाच्या मानाने कमी उंची) आणि सामाजिक असुरक्षितता यांचा मेळ घालायचा आहे. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी) ची कुटुंब-सदस्यांची फाइल आणि २०११ ची जनगणना हाताशी आहे. आठही तालुक्यांचे वेगळे आकडे निघतील का? आणि एनएफएचएस-४ शी तुलना?

लघुगणक: दोन्ही नको. नमुना जिल्ह्यापुरता आखलेला असतो, एका क्लस्टरमध्ये (नमुन्यासाठी निवडलेलं गाव किंवा शहरी भाग) २२ घरं. मोखाड्याच्या वाट्याला जेमतेम एखाद-दोन क्लस्टर येतील. जीपीएसवरून तालुका ठरवाल तर तेही फसवं, कारण ग्रामीण क्लस्टरांचे जीपीएस बिंदू मुद्दाम ५ किमीपर्यंत सरकवलेले असतात, काही तर १० किमीपर्यंत. जिल्ह्याची हद्द ते ओलांडत नाहीत, तालुक्याची सहज ओलांडतात. आता एनएफएचएस-४ शी तुलना: पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, पण एनएफएचएस-४ ने २०११ चेच जिल्हे धरले. तिथला ठाणे म्हणजे अखंड ठाणे.

जिल्ह्याचा आकडा काढताना आधी फाइलमधल्या एचव्ही१०३ या रकान्यात १ असलेले (आदल्या रात्री घरात झोपलेले) घ्या. एचसी७० मध्ये (वयाच्या मानाने उंचीचा झेड-स्कोअर, १०० ने गुणलेला) मोजमाप नसल्याचे किंवा चुकल्याचे ९९९० च्या वरचे कोड असतात, ते वगळा. नाहीतर ती मुलं धडधाकट उंचीची म्हणून मोजली जातात आणि बुटकेपणा कमी दिसतो. मग −२०० पेक्षा कमी ते बुटके. नमुन्याचा भारांक (वेट) म्हणजे एचव्ही००५ भागिले १० लाख. क्लस्टर आणि स्तर (नमुना काढताना पाडलेले गट) सॉफ्टवेअरला सांगितले नाहीत तर त्रुटीची मर्यादा खोटी अरुंद येते.

समांतर: संपत्तीचे पाच गट देशपातळीवर पाडलेले आहेत, जिल्ह्यात ते समसमान येणार नाहीत. मूळ गुणांवरून गट पुन्हा पाडा, तेही भारांक लावून. फक्त तळाची आणि माथ्याची तुलना करू नका, मधले तीन गट वाया जातात. कॉन्सन्ट्रेशन इंडेक्स (बुटकेपणा गरीब-श्रीमंतांत किती विषम वाटला गेलाय त्याचं माप) काढा. उत्तर ऋण आलं तर बुटकेपणा गरिबांत एकवटलाय. बुटकेपणा हो-नाही स्वरूपाचा असल्याने त्या इंडेक्सला एरेगर्स दुरुस्ती (हो-नाही मापांसाठीची सुधारणा) लावा.

असुरक्षितता मात्र तालुकानिहाय जनगणनेतून जमेल: अनुसूचित जमातींचा वाटा, स्त्री-साक्षरता (छेदात ७ वर्षं आणि त्यापुढच्याच स्त्रिया), शेतमजूर, घराबाहेरचं पाणी. साक्षरता जास्त म्हणजे असुरक्षितता कमी, म्हणून तिची दिशा उलटवायला विसरू नका. असुरक्षिततेच्या या निर्देशांकात कुपोषण घालू नका, नाहीतर कुपोषणाचा कुपोषणाशीच संबंध जोडला जाईल. आणि जिल्ह्याच्या सरासरीवर विसंबू नका: वसई-विरार शहरच १२ लाखांवर, मोखाडा तालुका लाखाच्या आत.

गोदाकाठ: मग जनगणनेतले तालुक्यांचे छेद बिनधास्त वापरू?

लघुगणक: जव्हार, मोखाडा, विक्रमगडसाठी जपून. दिवाळीनंतर तिथली कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि शिरगणती झाली ९ ते २८ फेब्रुवारी २०११ ला, ऐन स्थलांतराच्या दिवसांत. त्या सगळ्या काळात गावाबाहेर असलेले लोक जिथे सापडले तिथे, म्हणजे वसई किंवा भिवंडीतही, मोजले गेले असणार. पाणी-संडासाची माहिती २०१० च्या घरयादीतली आहे, म्हणून घरांवरचे निर्देशक आणि माणसांवरचे निर्देशक वेगळे ठेवून एकदा क्रमवारी तपासा. दोन्हींत मोखाडा कुठे बसतो ते पाहूनच निर्देशकांचे भारांक ठरवा.